कैसर बुडाला की वाचला?

आमच्या पुळिंकडवुला माणूस गेला की नुसता गेला, असं होत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो यावा लागतो, मग तो गेला. पेपर हातात पडला की आधी मरणाचं पान, मग चहाचा घोट, मग राहिलेलं जग. मी मूळचा विट्याकडचा. सोनं गाळायचं दुकान घालून इथं चौतीस वर्षं झाली, आणि मल्याळम वाचायला शिकलो तेही त्याच पानावर. ओळखीचा चेहरा आणि खाली नाव. त्यापेक्षा सोपी अंकलिपी कुठली?

ते पान आमच्या भागापुरतं भरायचं काम एल्दो कुर्याक्कोस ह्या गड्याचं. 'मलयोरशब्दम' पेपरचा वार्ताहर. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून एल्दोचेट्टन, म्हणजे एल्दोदादा. मला तो सेट्टू म्हणतो. सोन्याच्या धंद्यातला परगावचा कुणीही असो, इथं तो सेट्टूच.

रोज सकाळी स्कूटर काढायची, पायाशी कुत्रा बसवायचा आणि ज्याच्या घरी कुणी गेलंय तिथं जायचं. रडारड चाललेली असते. हा उंबऱ्याशी चपला काढतो आणि मग हळूच विचारतो, "वय किती होतं आजोबांचं? घराचं नाव? फोटो चष्म्यातला देताय की बिनचष्म्याचा?" आणि काय गंमत असेल ती असो, रडणारी माणसं डोळे पुसून नीट उत्तरं देतात. एकदा एका म्हातारीचं वय त्यानं दोन वर्षांनी जास्त छापलं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी माफी मागायला गेला. मी म्हटलं, "आता ती भांडायला येणार आहे का?" तर म्हणाला, "सेट्टू, आयुष्यात एकदाच पेपरात येतात रे ही माणसं. तेही चुकीचं यावं?"

पण हे झालं पेपरचं काम. त्याचं स्वतःचं म्हणून जे काही होतं, ते शनिवारी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात यायचं. सदराचं नाव 'कडव्यावरच्या गोष्टी'. कडवु म्हणजे आमच्या नदीचा धक्का, जिथं पूर्वी होडी लागायची. आता पूल झाला आणि धक्क्यावर शेवाळ उरलं. एल्दोचेट्टनच्या कोपऱ्यात मात्र ती होडी दर शनिवारी लागायची. त्याच्या आईची बकरी मतदारयादी खाऊन बसली, मग पोलिसांनी बकरीलाच पंचायतीच्या खांबाला कसं बांधलं, त्यानं पाळलेली साळुंकी आल्यागेल्या पाद्रीबाबांना शिव्या कशा घालायची आणि त्या तिला शिकवल्या कुणी, असलं सगळं. हसून हसून माझी मूस दोनदा भट्टीवर जास्त तापली आहे, एवढं सांगतो.

आणि तिथं सारखा यायचा तो कप्पित्तान, म्हणजे कप्तान, कोशी.

एल्दोचेट्टन दहा-अकरा वर्षांचा असताना शनिवारच्या होडीनं मुलांचं एक साप्ताहिक यायचं. गावात एकच प्रत. शेवटच्या चार पानांवर कप्पित्तान कोशीची चित्रकथा: मोठ्या मिशांचा नावाडी, खाडीतल्या चोरट्यांशी भांडणारा, आणि बरोबर त्याचा कुत्रा कैसर. हा पोरगा धक्क्याच्या खालच्या पायरीवर बसून ते मोठ्यानं वाचायचा आणि सगळी पोरं त्याच्याभोवती. शेवटून दुसऱ्या अंकात चोरट्यांनी कोशीला होडीला बांधलं आणि होडीला भोक पाडलं. कैसरनं दोराचं टोक तोंडात धरून पुरात उडी टाकली. एवढ्यावर अंक संपला. पुढच्या शनिवारी होडी आली, पण अंक आलाच नाही. त्याच आठवड्यात ते साप्ताहिक बंद पडलं.

झालं! एक्कावन्न वर्षं हा माणूस तिथंच अडकलेला. वार्ताहर झाल्यावर त्यानं कोट्टयमची, एर्नाकुळमची वाचनालयं पालथी घातली. बांधीव खंड सापडला, तर त्यात नेमका तो अंक नाही. घरात कॉमिक्सचे चाळीस गठ्ठे जमले, पण तेवढा एक अंक नाही. जितके कुत्रे पाळले त्या सगळ्यांची नावं कैसर. आत्ताचा पाचवा. तांबडा, एका कानानं पडका, आणि स्कूटरवरून जाताना ओळखीच्या माणसावर भुंकल्याशिवाय न राहणारा. दर चार-सहा महिन्यांनी सदरात एकदा तो सवाल यायचाच: कैसर बुडाला की वाचला?

त्याच्या सदरावर भांडायला एकच बाई होती. पेन्नम्मा सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. दर शनिवारी सकाळी सातला तिचा फोन.

"एल्दो, चिंचेचं झाड धक्क्याच्या पश्चिमेला होतं. पूर्वेला म्हणे! डोळे फुटले होते का तेव्हा?"

फक्त कोशीबद्दल लिहिलं असेल त्या शनिवारी तिचा फोन येत नसे. एल्दोचेट्टन म्हणायचा, "तिला चित्रकथा आवडत नसणार." मीही म्हणायचो, "नसतील आवडत."

तर असं बावीस वर्षं चाललं. मग पेपरच्या जिल्हा कचेरीत नवा साहेब आला. जोबिन नावाचा, तिशीतला, बुटांना पॉलिश. एक दिवस गावात आला तो माझ्याच दुकानापुढं उभा राहून एल्दोचेट्टनशी बोलला. म्हणून सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"एल्दोचेट्टा, वाईट वाटून घेऊ नका. मरणाच्या बातम्या तुमच्यासारख्या कुणी देत नाही. पण बकरीनं काय खाल्लं आणि नदीत कोण पोहलं, हे आता वाचतं कोण?"

"वाचतात की, साहेब."

"एक तरी माणूस दाखवा."

"पेन्नम्मा सिस्टर."

"त्या भांडतात. दुसरा?"

मी भट्टीपुढून ओरडलो, "मी वाचतो!"

"तुम्ही मित्र आहात हो, सेट्टू," तो हसला. "ह्या शनिवारपासून तिथं फ्लॅटची जाहिरात जाईल. तुम्ही निरोपाचे चार शब्द लिहून पाठवा, आत कुठंतरी लावू."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! दिवसभर विस्तवापुढं बसणाऱ्याचं डोकं थंड कसं राहील? गाडी वळेपर्यंत मी त्या साहेबाला विट्याच्या भाषेत जे काय सुनावलं, ते त्याला कळलं नाही हे त्याचं नशीब. एल्दोचेट्टन बाकावर बसून कैसरचा पडका कान चोळत होता.

"भांडत का नाही तुम्ही?" मी म्हणालो.

"काय सांगून भांडू? तो म्हणतो एक माणूस दाखव. माझ्याकडं नाही माणूस." जरा वेळानं म्हणाला, "मरणं मी पेपरसाठी लिहितो, सेट्टू. शनिवारचं तेवढं माझं. ते गेलं, तर माझ्याजवळ फक्त मेलेली माणसं उरतील."

मी दोघांसाठी चहा मागवला.

शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्या बाकावर बसूनच फोनवर टाइप करत होता. म्हणाला, "पाठवलं एकदाचं. उद्या वाच." आणि गेला.

शनिवारी सकाळी साडेसहाला पेपर आला. सवयीनं मरणाचं पान उघडलं. वरच्या ओळीत, डावीकडून दुसरा फोटो, एल्दोचेट्टन. तोच सदरावरचा हसरा फोटो. खाली ठळक अक्षरात नाव: एल्दो कुर्याक्कोस.

चहाचा ग्लास हातातून सुटला. मी चष्म्याशिवाय एवढंच वाचलं, 'पुळिंकडवु', 'शांतपणे', 'आज दहा वाजता वाचनालयाच्या ओट्यावर'. कंसात वय बावीस होतं. छापायची चूक, बासष्ट पाहिजे, असं मनात आलं आणि रडूच फुटलं. जन्मभर दुसऱ्यांची वयं जपली ह्या माणसानं, आणि ह्याचं स्वतःचं वय चुकवलं मेल्यांनी! मी भर रस्त्यात, लुंगीवर, लहान पोरासारखा रडलो. लाज कसली त्यात.

फोन लावला, कुणी उचलला नाही. घरी धावलो, कुलूप. आणि तोवर गाव उठलं होतं.

पुळिंकडवुला एरवी गटार साफ करायला दोन वर्षं लागतात. पण मरणाच्या बाबतीत आमचा हात धरणारं कुणी नाही. साडेसातला चौकात काळी निशाणं. आठला व्यापारी संघाची जीप भोंगा लावून फिरली: दुकानं बारापर्यंत बंद. साडेआठला फ्लेक्स लागले, तेही दोन, कारण लाल पक्षवाले म्हणाले एल्दोचेट्टन आमचा आणि तिरंगी पक्षवाले म्हणाले आमचा. दोन्हीकडं तोच हसरा फोटो. हयातीत त्यानं दोघांनाही मत दिल्याची खात्री कुणाला नव्हती.

त्याची बायको सोसम्मा चेची, म्हणजे सोसम्माताई, सकाळच्या प्रार्थनेला गेली होती. चर्चबाहेर पडते तर बायकांनी तिला गराडाच घातला.

"सोसम्मा, धीर धर गं!"

"कशाला? ते कुत्र्याला इंजेक्शन द्यायला गेलेत. जनावरांच्या दवाखान्यात. फोन घरीच विसरलेत."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. "बिचारी! धक्क्यानं डोक्यावर परिणाम झालाय." चौघींनी तिला धरून सावलीत बसवलं आणि शहाळं पाजलं. ती जितकी ओरडली, तितकं त्यांनी तिला घट्ट धरलं.

दहाला वाचनालयापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर पुष्पचक्रं, मधे शवपेटीसाठी जागा सोडलेली. आणि माणसं बोलत काय होती? त्याच्या शनिवारच्या गोष्टी! रिक्षावाला वासवन म्हणत होता, "ती बकरीची गोष्ट मी बायकोला तीनदा वाचून दाखवली." केळीवाला हम्सा म्हणाला, "माझ्या बापाची होडी होती ती. त्यानं लिहिलं म्हणून माझ्या पोरांना आजोबा ठाऊक." शाळेच्या मास्तरणीच्या हातात कात्रणांची वही होती, बावीस वर्षांची. मी म्हटलं, अरे लेको, हे तोंडानं कधी बोललात का त्याच्यापुढं? एक पोस्टकार्ड टाकलंत का? आणि मग मला माझाच राग आला, कारण मीही कधी बोललो नव्हतो. हसायचो, आणि चहा मागवायचो.

तेवढ्यात जोबिन साहेबाची गाडी आली. पेपरच्या नावाचं भलं मोठं पुष्पचक्र घेऊन तो उतरला, चेहरा पांढराफटक. मला म्हणाला, "सेट्टू, परवाच तर बोललो मी त्यांच्याशी. माझ्यामुळं तर नाही ना?"

"तुमच्यामुळंच," मी म्हणालो. सोडतो होय!

आणि त्याला पान दाखवून आणखी चार शब्द ऐकवावेत म्हणून मी खिशातून चष्मा काढला आणि पहिल्यांदा ते नीट वाचलं. मजकूर असा होता:

'पुळिंकडवु: गेली बावीस वर्षं दर शनिवारी ह्या भागात वावरणाऱ्या "कडव्यावरच्या गोष्टी" (२२) शुक्रवारी शांतपणे निवर्तल्या. पश्चात एक कुत्रा, एक साळुंकी, कॉमिक्सचे चाळीस गठ्ठे आणि असलेच तर वाचक. अंत्यविधी आज दहा वाजता वाचनालयाच्या ओट्यावर. कैसर बुडाला की वाचला, हे अखेरपर्यंत कळले नाही.'

मी पुन्हा वाचलं. म्हणजे मेलं ते सदर! चार शब्द लिही म्हणाले, तर ह्या बाबानं हाताला जशी सवय तसेच लिहिले, आणि कचेरीतल्या कुणीतरी फोटो, कंसातलं वय, अंत्यविधीची वेळ बघून ते मुकाट मरणाच्या पानावर लावलं. आणि अख्ख्या गावानं, माझ्यासकट, फोटो बघितला आणि मजकूर कुणी वाचलाच नाही!

"आयला!" मी एवढंच म्हणालो. कारण तेवढ्यात भुंकणं ऐकू आलं.

पुलावरून स्कूटर येत होती. पायाशी कैसर, आणि ओळखीची माणसं एवढी एका ठिकाणी दिसल्यावर तो जो सुटला, त्याला थांबवणार कोण! गर्दी दुभंगली. कुणी किंचाळलं, कुणी छातीवर क्रूस केला, वासवन सरळ गटारात. एल्दोचेट्टननं स्कूटर उभी केली, निशाणं बघितली, फ्लेक्स बघितले आणि सवयीनं खिशातून वही काढून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

पुढची पाच मिनिटं काय गोंधळ झाला ते विचारू नका. हसणं, रडणं, शिव्या. सोसम्मा चेची सुटून आली आणि तिनं नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेलात ते मेलात, मला वेडी ठरवलंत!" मी पान हातात नाचवत मजकूर मोठ्यानं वाचला. 'असलेच तर वाचक' ह्यावर आलो तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एल्दोचेट्टननं मान वर करून ती गर्दी पाहिली. मास्तरणीनं कात्रणांची वही त्याच्या हातात दिली. तो एकेक पान उलटत राहिला.

तेव्हा गर्दीतून पेन्नम्मा सिस्टर पुढं आली. पांढरी साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. चेहरा रडवेला.

"मी हे तुझ्या पेटीत ठेवायला आणलं होतं," ती म्हणाली. "कुणाला कळलं नसतं. आता तू जिवंत निघालास, तर हातातच द्यावं लागणार."

पिशवीत ते साप्ताहिक होतं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. शेवटचा अंक.

"तुम्ही पोरं खालच्या पायरीवर बसायचात," सिस्टर म्हणाली. "आम्हा मुलींना वरच्या पायरीवर उभं करायचात. वाचलेलं ऐकू यायचं, पण चित्रं दिसायची नाहीत. एकदाही नाही. त्या शनिवारी मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडीवरूनच अंक घेतला आणि पळाले. दुसऱ्या दिवशी परत देणार होते. पण तू धक्क्यावर बसून रडत होतास आणि माझं धाडस होईना. मग भाताच्या पेटाऱ्यात लपवला. पुढं तू सदरात लिहायला लागलास. दर वेळी लिहायचास कैसर बुडाला की वाचला, आणि दर वेळी वाटायचं आज फोन करून सांगावं. बावीस वर्षं मी तुझी एक ओळ सोडली नाही रे. चिंचेवरून भांडले ते दुसरं बोलता येईना म्हणून."

एल्दोचेट्टननं अंक दोन्ही हातांनी घेतला. ओट्यावर, पेटीसाठी सोडलेल्या जागेतच बसला आणि सिस्टरला हात धरून शेजारी बसवलं. कैसर दोघांच्या मधे घुसला. मग त्यानं पान उघडलं.

पाचशे माणसं टाचा उंचावून उभी. तो वाचत होता, मनातल्या मनात. मिशा हलत होत्या. शेवटच्या चित्राशी आला, थांबला, बोट त्यावरून हळूच फिरवलं आणि असा हसला, असा हसला की मी चौतीस वर्षांत त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. सिस्टर त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती आणि मान हलवत होती, हो, हो, म्हणत.

"काय झालं?" हम्सा ओरडला. "बुडाला का?"

"वाचून दाखवा चेट्टा!"

एल्दोचेट्टननं अंक मिटला आणि पिशवीत घातला.

"शनिवारी," तो म्हणाला.

अशी ओरड झाली म्हणता! लाल आणि तिरंगी आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात ओरडले. पण त्या गोंगाटात तो बघत होता फक्त जोबिन साहेबाकडं. साहेब अजून पुष्पचक्र धरून उभा. ठेवावं कुठं हेही त्याला सुचेना.

"साहेब, एक माणूस दाखव म्हणाला होतात."

साहेबानं मागं वळून गर्दी पाहिली. मग पुष्पचक्र खाली ठेवलं, अगदी पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एल्दोचेट्टा, मला तरी सांगा. कुत्र्याचं काय झालं?"

"पेपरात वाचा," एल्दोचेट्टन म्हणाला. "जागा असली तर."

"आहे. जुनीच जागा आहे."

मी शिट्टी मारली. छप्पन्नाव्या वर्षी, दोन बोटं तोंडात घालून.

तो आठवडा गावात दुसरा विषय नव्हता. लोकांनी सिस्टरला भंडावून सोडलं. दाराशी फणस ठेवले, मासे पाठवले. तिनं सगळं ठेवून घेतलं आणि एकच सांगितलं, "मी नर्स आहे. पेशंटची माहिती बाहेर देत नाही."

शनिवारी पेपरची गाडी यायच्या आधीच चौकात माणसं उभी होती. एजंटनं गठ्ठा सोडायच्या आत हिसकाहिसकी. मला प्रत मिळाली ती एका कोपऱ्यात फाटलेली. शेवटचं पान उघडलं. कोपऱ्यात 'कडव्यावरच्या गोष्टी', वरती नावं दोन: एल्दो कुर्याक्कोस आणि पेन्नम्मा. मधे ते चित्र, वाळवीनं खाल्लेल्या कडांसकट. कोशी धक्क्याच्या पायरीवर ओलाचिंब बसलेला, आणि त्याच्यापुढं कैसर, दोर अजून तोंडात, अंग झटकून सगळं पाणी मालकाच्या तोंडावर उडवणारा.

"वाचला!" वासवन रिक्षावर उभा राहून ओरडला. चौकात टाळ्या पडल्या. हम्सानं केळी वाटली. एल्दोचेट्टनच्या पायाशी, स्कूटरवर, पाचवा कैसर भुंकून भुंकून घसा बसवून घेत होता.

मरणाच्या पानावर त्या दिवशी तिघं जण होते, हे मला दुपारी कळलं.